वेदश्रीचा तास

हिंगणघाटच्या बाजारओळीत भूपेंद्रचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखे, कुलरच्या मोटारी, वायर, बटणं आणि अलीकडे मोबाइलचे चार्जरही. दुकान खाली, घर वर. गिऱ्हाईक एक बल्ब घ्यायला आलं तरी त्याच्या गावच्या पाण्यापासून त्याच्या साल्याच्या लग्नापर्यंत सगळी चौकशी झाल्याशिवाय भूपेंद्र त्याला सोडत नसे. बोलणं हा त्याचा धंदाही होता आणि शौकही. समोरचा पानठेलेवाला रूपराव म्हणायचा, "साऱ्या गावाची लाइन जाते, पन या मानसाच्या तोंडाची लाइन कधी जात नाई."

या बोलण्याचा सगळ्यात मोठा उपयोग आपल्या मुलीला झाला, असं भूपेंद्रला वाटे, आणि ते काही खोटं नव्हतं. वेदश्री जन्मली ती रडलीच उशिरा. मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. सेरेब्रल पाल्सी हा शब्द नागपूरच्या डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा त्यानं तो त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. पोरीच्या अकलेत काही कमी नव्हतं. कमी होता तो हातापायांवरचा आणि जिभेवरचा ताबा. ती बोलायची, पण शब्द लांबायचे, ओठ मिटायचे तिथं मिटायचे नाहीत, ‘प’ आणि ‘ब’ हवेतच विरून जायचे. घरात तिचं सगळं बोलणं कळे ते भूपेंद्रला आणि त्याच्या बायकोला, सपनाला. सपना कामापुरतं बोलणारी बाई. त्यामुळे चारचौघांत वेदश्रीचं म्हणणं सांगायचं काम आपसूक बापाकडे आलं.

आणि त्यानं ते थाटात केलं. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, लग्नाकार्यात, जिथं वेदश्री तिथं तिच्या चाकांच्या खुर्चीच्या बाजूला भूपेंद्र. ती चार शब्द बोले, तो त्याची चांगली दोन वाक्यं करून लोकांना देई. अकरावीच्या प्रवेशाला प्राचार्यांनी विचारलं, "आर्ट्सच का निवडलं?" वेदश्री म्हणाली, "सायन्सची लॅब वरच्या मजल्यावर आहे, तिथं रोज मला उचलून कोण नेणार?" भूपेंद्रनं सांगितलं, "तिले लहानपनापासून इतिहासाची भारी आवड हाय, सर." प्राचार्य खूश झाले. घरी येईपर्यंत वेदश्री हसत होती. "बाबा, मले इतिहास बिलकूल आवडत नाई," असं तिनं सांगितलं, तरी तो म्हणाला, "तेवढा मसाला लावा लागते, बेटा."

बी.ए. झाल्यावर तिनं घरबसल्या काम शोधलं. वर्ध्याची एक संस्था अंगणवाडी सेविका आणि दिव्यांगांच्या निवासी शाळांतले कर्मचारी यांना ऑनलाइन प्रशिक्षण देत असे. त्यांचे धडे मराठीत लिहायला माणूस हवा होता. वेदश्री डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायची, पण लिहायची अशी की एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटू नये. उशिरा बोलणाऱ्या मुलाशी कसं बोलावं, हात थरथरणाऱ्या मुलाला खाऊ कसा द्यावा, असे कितीतरी धडे तिचे होते. ते वाचणारा आवाज मात्र दुसऱ्या कुणाचा असे.

एक दिवस संस्थेच्या लीना मॅडमनी फोन केला. सेविकांचा नवीन वर्ग सुरू होत होता. त्यातले काही तास थेट, पडद्यावर समोरासमोर व्हायचे होते. "अस्पष्ट बोलणाऱ्या मुलाशी संवाद, हा धडा तूच लिहिला आहेस. तो तूच घे की," त्या म्हणाल्या. "बाबा शेजारी बसून सांगतील ना तुझं म्हणणं?"

फोन स्पीकरवर होता. वेदश्रीनं तोंड उघडायच्या आत भूपेंद्र म्हणाला, "हा म्हनजे काय, मॅडम! बसतोच!"

पहिल्या मंगळवारी तो दुपारीच दुकान बंद करून वर आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. लॅपटॉपच्या पडद्यावर हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या सेविकांचे चेहरे चौकटी-चौकटीतून दिसत होते. कुणी अंगणवाडीत बसलेली, कुणी घरच्या ओसरीवर. लीना मॅडमनी ओळख करून दिली आणि वेदश्री बोलायला लागली.

"मी तीन वर्षांची असताना मला अंगणवाडीत घातलं. तिथं मला भिंतीकडं तोंड करून बसवत. लाळ गळायची म्हणून. मला फार राग यायचा. पण राग आला हे सांगता येत नव्हतं, म्हणून मी ओरडायची. मग म्हणायचे, ही ओरडते, हिला घरी ठेवा."

भूपेंद्रनं हे पहिल्यांदाच ऐकलं. भिंतीकडं तोंड? त्याला आठवत होतं ते एवढंच, की पोरगी अंगणवाडीतून रडवेली यायची आणि काही दिवसांनी त्यानं आणि सपनानं तिला पाठवणं बंद केलं होतं. पडद्यावर एवढ्या बाया त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळ्या अंगणवाडीच्याच. त्यांना असं कसं सांगायचं? वाईट वाटेल बिचाऱ्यांना.

"वेदश्री म्हन्ते," तो घसा साफ करून म्हणाला, "का अंगनवाडीत तिले लय जीव लावला सगळ्याईनं. थोडं बाजूले बसवत, पन तिच्या भल्यासाठीच. कधी कधी ती रडे, मंग घरी पाठवत."

वेदश्रीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, पण भूपेंद्र आता रंगात आला होता. त्यानं तिच्या पहिल्या पावलाची गोष्ट सांगितली, नागपूरच्या चकरा सांगितल्या, सपनाच्या कष्टांची गोष्ट सांगितली. बायांनी डोळ्याला पदर लावले. पडद्याच्या कडेला संदेश येत राहिले. भाऊंना सलाम. असे वडील सगळ्यांना मिळोत. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भूपेंद्रनं ते संदेश सपनाला वाचून दाखवले. मग खाली जाऊन रूपरावला दाखवले. रात्री जेवताना त्याच्या लक्षात आलं की वेदश्री गप्प आहे. भाकरीचा काला तसाच पडला होता.

"थकली का, बेटा?"

"बाबा, मी काय म्हटलं होतं?"

"केव्हा?"

"भिंतीचं."

भूपेंद्रनं घास खाली ठेवला. "अगं, तेच सांगतलं ना मी. बाजूले बसवत म्हनून."

"नाई. मी म्हटलं, भिंतीकडं तोंड करून बसवत. तुम्ही म्हटलं, जीव लावला."

"मंग? त्या बायाईले तोंडावर सांगू का? मन दुखलं असतं त्याईचं."

"माह्यं दुखलं होतं ना."

सपना भाकरी वाढता वाढता थांबली. वेदश्रीला राग आला की तिचा जबडा आवळे आणि शब्द आणखी जड होत. तरी ती थांबली नाही. एकेक शब्द ओढून काढत ती बोलली. "त्या शिकाले आल्या होत्या, बाबा. भिंतीचं ऐकलं असतं, तर उद्या त्याईनं एखाद्या पोराचं तोंड भिंतीकडून इकडं फिरवलं असतं. तुम्ही त्याईले रडवलं अन् घरी पाठवलं. लहानपनापासून तुम्ही मले गोड करून देता लोकाईले. मी एवढी गोड नाई हावो."

भूपेंद्रनं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"पुढच्या मंगळवारी तुम्ही बसू नका," ती म्हणाली. "मी एकटीच बोलतो."

"त्याईले काही समजनार नाई तुह्यं!"

"समजलं नाई तर इचारतील."

दुसऱ्या दिवशी तिनं लीना मॅडमनाही तेच कळवलं. त्यांनाही धास्ती वाटली. निदान पडद्यावर खाली तुझ्या बोलण्याची अक्षरं तरी उमटवू, असं त्या म्हणाल्या. वेदश्रीनं लिहून पाठवलं, ‘मॅडम, सेविकांच्या समोर जे मूल येणार आहे त्याच्या खाली अक्षरं उमटणार नाहीत.’ लीना मॅडमनी थोड्या वेळानं एकच शब्द पाठवला. ‘बरं.’

भूपेंद्रचे ते दिवस वाईट गेले. गिऱ्हाइकाला पाच अँपियरऐवजी पंधराचा प्लग देऊन बसला. रूपरावला काय झालं ते कळेना. शेवटी ठेल्यावर सुपारी कातरता कातरता त्यानं विचारलंच, "काऊन रे, तोंड पाडून बसला?"

"पोरीले आता माह्यी गरज नाई म्हन्ते."

"लगन ठरलं का तिचं?"

"नाई रे. तास घेनार हाय. एकटी. मले म्हन्ते, तुम्ही येऊ नका."

रूपरावनं सुपारी तोंडात टाकली. "म्हनजे मास्तरीन झाली पोरगी. अन् तू सुतक धरून बसला. मानूस हायेस का कोन?"

भूपेंद्रला ते झोंबलं. पण खरी बोच वेगळीच होती आणि ती त्यानं रूपरावला सांगितली नाही. इतकी वर्षं आपण तिचा आवाज आहोत असं तो धरून चालला होता. आणि तिला भिंतीकडं तोंड करून बसवत, हे त्याला पोरगी चोवीस वर्षांची झाल्यावर कळलं होतं. का नाही सांगितलं तिनं? की सांगितलं होतं, आणि आपणच त्याचं काहीतरी भलतं करून टाकलं?

मंगळवार आला. जेवण झाल्यावर सपनानं लॅपटॉप लावून दिला, पाण्याच्या बाटलीत नळी घालून ती हाताशी ठेवली आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली. भूपेंद्र खाली दुकानात. कापसाचे दिवस होते. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला, दुकानाच्या फळ्यांवर कापसाची पुंजकी उडून येत होती. वर काय चाललंय ते ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. त्यानं दोनदा जिन्यापर्यंत जाऊन पाय मागे घेतला.

इतक्यात शेजारच्या वॉर्डातल्या अंगणवाडीच्या मीराबाई घाईघाईनं दुकानात शिरल्या. हातात मोबाइल, एका कानात इअरफोनची गुंडी.

"भाऊ, जरा चार्जिंगले लावू द्या. आमचं ट्रेनिंग सुरू हाय अन् फोन मरून राह्यला."

भूपेंद्रनं चार्जर काढून दिला. वायर तोकडी होती, फोन काउंटरवरच ठेवावा लागला, इअरफोन काही पुरेना. मीराबाईंनी तो उपटला आणि स्टुलावर बसल्या. दुकानात वेदश्रीचा आवाज घुमला.

आपल्या पोरीचा आवाज परक्या माणसाच्या फोनमधून येताना त्यानं कधी ऐकला नव्हता. तो त्याला ओळखीचा असून अनोळखी वाटला. घरात तिचा चेहरा समोर असे, तिचे डोळे अर्धं वाक्य बोलून टाकत. इथं नुसता आवाज. लांबलेला, अडखळणारा, पण कुठंही न घाबरलेला.

"आधी एक नियम," वेदश्री सांगत होती. "मला समजलं नाही, असं म्हणायला लाजू नका. समजल्यासारखी मान हलवू नका. मान हलवलेली मला लगेच कळते. लहान मुलालाही कळते. माइक चालू करा आणि म्हणा, परत सांग."

सुरुवातीला कुणीच माइक चालू केला नाही. मग समुद्रपूरकडच्या एका बाईनं भीत भीत म्हटलं, "मॅडम, परत सांगा ना." वेदश्रीनं परत सांगितलं. दुसरीनं विचारलं. मग तिसरीनं. हळूहळू बायांचा भिडस्तपणा सुटत गेला. मग तिनं भिंतीची गोष्ट सांगितली. जशी घडली तशी. एक शब्द कळेना म्हणून दोघींनी तिला ती परत परत विचारली आणि ‘भिंत’ हा शब्द उमगल्यावर कुणाच्या तरी तोंडून ‘अगं माय’ निघालं. मीराबाईंनी पदराची कड तोंडावर धरली. पण डोळे पुसले नाहीत. बघत राहिल्या.

"आमच्याही इथं एक पोरगं हाय असं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दाराजवळ बसवतो आमी त्याले. बाकीचे पोरं घाबरतात म्हनून."

भूपेंद्र काउंटरवरची धूळ पुसत राहिला.

वेदश्री पुढं गेली. एक वाक्य आलं. भूपेंद्रला ते पहिल्या झटक्यात कळलं: त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. पण ‘पुरं’चा ‘प’ नेहमीसारखा हवेत गेला होता. मीराबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग भूपेंद्रकडे.

"भाऊ, काय म्हन्ते ते? तुमचीच पोरगी ना? सांगा की."

वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. नुसतं तयार नव्हतं, त्यामागून आणखी दोन वाक्यं उभी होती, उदाहरणासकट. त्यानं तोंड उघडलं. मग काउंटरची कड घट्ट धरली.

"तिलेच इचारा, मीराबाई," तो म्हणाला.

"आता तुमाले ठाऊक असून..."

"मले ठाऊक हाय. पन तिलेच इचारा."

मीराबाईंनी जरा नाराजीनंच माइक चालू केला. "मॅडम, नाई समजलं. परत सांगा."

वेदश्रीनं तेच वाक्य परत सांगितलं. नाही कळलं. "अजून एकदा," मीराबाई म्हणाल्या. पुन्हा नाही. बाहेर एका गाडीनं हॉर्न दिला, भूपेंद्रला त्या गाडीवाल्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. फोनमधून नळीनं पाणी ओढल्याचा आवाज आला. मग वेदश्रीनं तीच गोष्ट नव्या शब्दांत मांडली. "मूल अर्धं बोललं. तुम्ही थांबा. उरलेलं त्यालाच बोलू द्या."

"हा!" मीराबाई स्टुलावरून उठल्याच. "आलं ध्यानात! आपन मधात तोंड नाई घालाचं! त्याचं त्यालेच बोलू द्याचं!"

"बरोबर," वेदश्री म्हणाली. हा शब्द सगळ्यांना कळला. "कसं कळलं तुम्हाला?"

"तुमी थकल्या नाई म्हनून," मीराबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "अन् मी बी."

भूपेंद्र मागच्या कपाटाकडे वळला आणि नसलेली वस्तू शोधायला लागला. पोरीनं दहावी पास केली तेव्हा, बी.ए. झाली तेव्हा त्याला अभिमान वाटला होता, पण त्या अभिमानात त्याचा स्वतःचा हात होता, त्याच्या चकरा होत्या, त्याचं बोलणं होतं. आज त्यानं काहीच केलं नव्हतं. वर एकटी बसून ती एवढ्या बायांना शिकवत होती, त्या चुकत होत्या, ती त्यांना परत परत समजावत होती, आणि तो इथं खाली कपाटात तोंड घालून उभा होता. त्याचा ऊर एवढा कधीच भरून आला नव्हता.

तास संपत आला तेव्हा कुणीतरी विचारलं, "मॅडम, मागच्या वेळेस तुमचे बाबा होते. आज काऊन नाई दिसत?" वेदश्री काहीतरी म्हणाली. नेमकी तेव्हाच कापसाची गाडी दुकानासमोरून धडधडत गेली. भूपेंद्रला एकही शब्द ऐकू आला नाही. फोनमधून मात्र बायांच्या हसण्याचा एकच गलका उठला. मीराबाई तर पोट धरून हसल्या.

"काय म्हनाली?" भूपेंद्रनं विचारलं.

मीराबाईंनी चार्जरची वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली, फोन पिशवीत टाकला. "तिलेच इचारा, भाऊ," त्या म्हणाल्या आणि उतरून चालायला लागल्या. दोन पावलांवर थांबून त्यांनी मागं वळून पाहिलं. "उद्या त्या पोराले दारातून उठवून सगळ्याईच्या मधात बसवतो. कसा बोलते ते पाह्यतो."

भूपेंद्रनं दुकान तसंच उघडं टाकलं, रूपरावला लक्ष ठेवायला सांगितलं आणि एका दमात जिना चढला. वेदश्री खुर्चीत मागं रेलून बसली होती. एवढा वेळ बोलल्यानं तिची मान थकून एका बाजूला कलली होती, हनुवटी ओली होती, केस कपाळाला चिकटले होते. सपना ओल्या कापडानं तिचं तोंड पुसत होती. लीना मॅडमचा फोन येऊन गेला होता. उरलेले सगळे तास वेदश्रीनंच घ्यायचे होते, आणि सेलूकडच्या एका निवासी शाळेतल्या कर्मचाऱ्यांचा वर्गही तिच्याकडे येणार होता. हे सपनानंच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर गेला.

भूपेंद्र मुलीसमोर स्टूल ओढून बसला.

"दुकानात मीराबाईच्या फोनवर ऐकला तुह्या तास," तो म्हणाला. "सगळा ऐकला. शेवटी कायले हसल्या त्या, तेवढं नाई समजलं. परत सांग."

वेदश्रीनं त्याच्याकडे पाहिलं. बाबांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली, पण सांगता सांगता तिला हसू फुटलं आणि हसू आलं की तिचे शब्द पार एकमेकांत मिसळून जात.

"नाई समजलं. परत सांग, बेटा."

तिनं श्वास घेतला. जबडा सैल केला. "मी म्हटलं, बाबा मागच्या खेपेले शिकवाले बसले होते. पन त्याईचा सोताचाच कोर्स बाकी हाय."

सपना तोंडाला पदर लावून हसली. भूपेंद्रला शब्द न शब्द कळला होता. पोरगी सगळ्या जगासमोर आपली फजिती करून बसली होती आणि त्यावर एवढ्या बाया हसल्या होत्या. त्यानं स्टूल आणखी पुढं सरकवलं, तिचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"परत सांग," तो म्हणाला.